अश्वगंधा सुरू केली तर आईच्या गोळ्या बंद करता येतील का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल. आईंचं वय ५६. आठ महिन्यांपूर्वी तुमचे वडील गेले. तेव्हापासून त्यांची झोप उडाली, जेवण निम्म्यावर आलं, वजन उतरलं, भजनी मंडळ सुटलं. चार महिन्यांपूर्वी बार्शीतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी उदासीवरचं एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम आणि रात्री झोपेसाठी, घबराटीसाठी क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम सुरू केलं. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून आहेच. फरक पडलाय, पण 'डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते' म्हणून आई त्या सोडायचं म्हणतात. मावशींनी त्याऐवजी अश्वगंधा, ब्राह्मी वटी आणि सारस्वतारिष्ट असं तिन्ही सांगितलंय. झाडपाल्याचंच आहे, अपाय तर होणार नाही ना, असं तुम्ही विचारताय.

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. चिपळूणच्या जवळ २४ वर्षं दवाखाना चालवते. त्यामुळे माझ्याकडून 'खुशाल द्या' असं उत्तर येईल अशी तुमची अपेक्षा असणार. सध्या तिन्ही देऊ नका, असं माझं उत्तर आहे. वनस्पतींवर माझा विश्वास नाही म्हणून नव्हे. त्यांच्यात ताकद आहे हे मी रोज बघते, आणि ज्यात ताकद असते ते चुकीच्या जागी पडलं की त्रासही देतंच.

तुमच्या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. गोळ्या सोडता येतील का, हा एक. वनस्पतींनी मनाला आधार मिळतो का, हा दुसरा. घरोघरी हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. म्हणून गोळ्यांचं आधी बोलू.

आईंची भीती निम्मी खरी आहे. क्लोनाझेपामची सवय लागते. महिनोन्‌महिने घेतलं की शरीर त्याच्याशिवाय झोपायला कुरकुर करतं, आणि ते एकदम बंद केलं तर घबराट, हातापायांना कंप, क्वचित फिट येण्यापर्यंत वेळ जाते. एस्सिटॅलोप्रामचं तसं नाही. त्याची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण तेही अचानक तोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असं आठ-पंधरा दिवस, कधी जास्तही चालतं. मग घरचे म्हणतात, 'बघा, गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजे सवय लागलीच होती!' आणि खरी पंचाईत पुढे असते: दोन-तीन महिन्यांनी मूळचं दुखणं हळूहळू परत येतं, तेव्हा त्याचा गोळी सोडण्याशी कुणी संबंधच जोडत नाही.

साधारण पद्धत अशी की पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही एस्सिटॅलोप्राम किमान सहा महिने चालू ठेवतात आणि मग पायरीपायरीने उतरवतात. आईंना तर आत्ता कुठे फरक पडतोय. तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन 'गोळ्या बंद करा' म्हणण्यापेक्षा 'क्लोनाझेपाम कमी कसं आणि कधी करायचं' एवढंच विचारा. आईंच्या मनातली भीती त्या एका गोळीबद्दल आहे आणि त्या गोळीपुरती ती रास्त आहे. डॉक्टरांनी कमी करायचं वेळापत्रक कागदावर लिहून दिलं की दुसऱ्या गोळीवरचा रागही बराच निवळेल. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचं तसंच झालंय.

आता 'झाडपाला आहे, अपाय नाही' याबद्दल. हे वाक्य ऐकलं की मला सर्पगंधा आठवते. आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर सर्पगंधेचं मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरात होतं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबावरच्या तिच्या उपयोगाचा लेख ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला आणि सगळ्या जगाचं लक्ष या झाडाकडे गेलं. १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. रक्तदाब उतरवणारं, भ्रमिष्टाला शांत करणारं औषध म्हणून ते जगभर गेलं. पण पुढच्या काही वर्षांत हे औषध घेणाऱ्यांपैकी काही जण खोल उदासीत गेल्याच्या नोंदी यायला लागल्या. रेसर्पिन मेंदूतल्या सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा करतं हे कळलं, आणि उदासी ही या रसायनांच्या कमतरतेशी जोडलेली असावी या विचाराला त्यातून मोठा आधार मिळाला. आई आज जी गोळी घेतात, तिच्यामागच्या विचाराचा एक धागा असा आपल्याच एका मुळाशी जातो. तेच मूळ एकाला शांत झोपवतं आणि दुसऱ्याला अंधारात ढकलतं. म्हणून आधीच खचलेल्या माणसाला 'शांत झोप' म्हणून विकली जाणारी गोळी मी डबीवर सर्पगंधेचं नाव नाही ना हे पाहिल्याशिवाय देऊ देत नाही. तुम्हीही घरातल्या डब्या एकदा बघा.

मावशींच्या यादीतली पहिली, अश्वगंधा. आपल्याकडे जुनी माणसं तिला आस्कंद म्हणतात. तिची निवड चुकीची नाही हे मोकळेपणाने सांगते. चरकांनी ती बल्य आणि बृंहणीय गणांत घातली आहे, म्हणजे झिजलेल्या, उतरलेल्या शरीराला भर देणारी. दुःखाने जेवण तुटलंय, वजन गेलंय, थकवा आहे पण झोप नाही, अशा माणसाला ती मी देते आणि बऱ्याच जणांना उपयोग होतो. २०१२ मध्ये आपल्याच देशात ६४ माणसांवर एक चाचणी झाली. मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा ६० दिवस दिला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा अर्क घेणाऱ्यांचा ताण जास्त उतरला. चाचणी लहान आहे, दोनच महिन्यांची आहे, आणि ती रोजच्या ताणाची होती, वैधव्यानंतरच्या उदासीची नव्हे. तरी काहीच नाही असं नाही.

अडचण आईंच्या बाबतीत आहे, आणि ती थायरॉइडची. अश्वगंधेने थायरॉइडचे हॉर्मोन वाढू शकतात. वरून ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालूच. मग काय होतं? छातीत धडधड, हातांना घाम, झोप आणखी पातळ. आणि घरात कुणी म्हणत नाही की हे थायरॉइड वर गेलंय. सगळे म्हणतात, 'आईचं टेन्शन परत वाढलं.' मग अश्वगंधेचा चमचा आणखी मोठा होतो. असं फिरत फिरत माझ्यापर्यंत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. रक्त तपासलं की उलगडा होतो, पण तोवर दोन महिने गेलेले असतात.

दुसरं म्हणजे तिच्या नावातच झोप आहे. शास्त्रीय नावातल्या 'सॉम्निफेरा'चा अर्थच झोप आणणारी. रात्री क्लोनाझेपाम, वर अश्वगंधा, आणि कुणी आणखी जटामांसी, म्हणजे झोपेसाठी देतात ती वनस्पती, सुचवली तर गुंगीवर गुंगी. रात्री दोनला बाथरूमला उठलेलं माणूस ओल्या फरशीवर पडतं. पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना ती फरशी महागात जाते.

यकृताचंही सांगून ठेवते. अश्वगंधेच्या कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांना कावीळ झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. घेणाऱ्यांच्या संख्येच्या मानाने असं क्वचितच होतं, पण होतं. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयाने उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका, मूळच वापरा, अशी सूचना काढली. आपल्या परंपरेत पोटात घ्यायला मूळच आहे, पण पान स्वस्त पडतं. डबीवर 'मूळ' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मी ती डबी परत पाठवते. गमीज नावाच्या गोड चकत्यांबद्दल मला विचारूच नका.

ब्राह्मीकडे वळू. इथे पहिला प्रश्न, कोणती ब्राह्मी? आमच्या कोकणात परसात, विहिरीच्या कडेला गोल, वाटीसारख्या पानांची जी वेल पसरते तिला अर्धं गाव ब्राह्मी म्हणतं. ती खरं तर मंडूकपर्णी, म्हणजे कारिवणा. दुसरी, बारीक मांसल पानांची, पाणथळ जागी वाढणारी आणि पांढरट-जांभळी फुलं येणारी, ती नीरब्राह्मी. स्मरणशक्तीवरच्या बहुतेक आधुनिक चाचण्या या दुसरीवरच्या आहेत. दुकानातली 'ब्राह्मी पावडर' यातली कोणती हे दुकानदारालाही सांगता येत नाही. शंखपुष्पीचं तर विचारू नका, एकाच नावाने तीन-चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यात कुठे विष्णुक्रांता असते, तर केरळात चक्क गोकर्ण.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चरकसंहितेत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही चार मेध्य रसायनं म्हणून आली आहेत. मेध्य म्हणजे मेधेसाठी, बुद्धी आणि स्मरणासाठी. नवरा गेल्याच्या दुःखासाठी ती सांगितलेली नाहीत. मेंदूचं औषध आणि मनाचं औषध हे जाहिरातवाल्यांनी एक करून टाकलंय. आईंना विसरायला होतंय ते बुद्धी मंद झाली म्हणून नाही, त्यांचं लक्ष दुसरीकडे आहे म्हणून. नीरब्राह्मीने काहींचं पोट बिघडतं, मळमळ होते, शौचाला जास्त वेळा जावं लागतं. आधीच अर्धी पोळी खाणाऱ्या बाईला ते कशाला?

सारस्वतारिष्टाबद्दल माझीच एक चूक सांगते. दवाखाना टाकून दोनेक वर्षं झाली असतील. एक पन्नाशीचे गृहस्थ आले, झोप नाही, मन थाऱ्यावर नाही. नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोटाचं विचारलं, आणि सारस्वतारिष्ट चार-चार चमचे लिहून दिलं. 'दुसरं कुठलं औषध चालू आहे का' हे विचारलं, ते 'नाही' म्हणाले. तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, असे त्यांना रिक्षात घालून आणलं. त्यांच्या पत्नी कोपऱ्यात उभ्या होत्या. सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, दारू सुटावी म्हणून त्या रोज वरणातून एक गोळी देत होत्या. डायसल्फिराम. ती पोटात असताना अल्कोहोलचा थेंबही चालत नाही, आणि आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल साधारण पाच ते दहा टक्के असतं. मला हे माहीत होतं. मी प्रश्नही विचारला होता, पण तो एकट्या पेशंटला विचारला होता. तेव्हापासून मी घरातल्या दुसऱ्या माणसाला वेगळं विचारते, आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगते. आईंच्या बाबतीत धोका त्या प्रकारचा नाही, पण क्लोनाझेपाम आणि अल्कोहोल, थोडं का होईना, एकत्र नको.

आणखी एक गोष्ट, तुमच्यासाठी नव्हे, पण वाचणाऱ्या कुणाच्या घरात फिट्सचा रुग्ण असेल तर त्यांच्यासाठी. शंखपुष्पीचं सिरप सुरू केल्यावर फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध घेणाऱ्या रुग्णांना पुन्हा फिट्स आल्या, असं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांना आढळलं. त्यांनी प्राण्यांवर तपासून पाहिलं, तर सिरपने रक्तातलं फेनिटॉइन कमी होत होतं. हे १९९२ मध्ये छापून आलंय. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, अजूनही लोक 'मुलांचं सिरप आहे' म्हणून ते देतात. आणि परदेशात राहणाऱ्यांसाठी: तिकडे उदासीवर सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती दुकानात सहज मिळते. सौम्य उदासीत तिचा उपयोग होतो, पण एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळीबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांसकट कितीतरी औषधं ती निकामी करते. इकडे आईला पाठवायच्या भेटींत ती बाटली टाकू नका.

इथपर्यंतचं थोडक्यात धरायचं तर, एस्सिटॅलोप्रामला हात लावायचा नाही, क्लोनाझेपाम डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्यायचं, ब्राह्मी आणि अरिष्टाची आईंना गरज नाही, आणि अश्वगंधेचा विचार नंतर.

नंतर म्हणजे कधी? क्लोनाझेपाम सुटल्यावर, आणि तेव्हाही वजन, थकवा रेंगाळत असेल तर. त्याआधी रक्त तपासून घ्या: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), यकृताच्या तपासण्या, हिमोग्लोबिन, बी-१२. आई शाकाहारी असतील तर बी-१२ चुकवू नका. त्याच्या कमतरतेने माणूस उदास, विसराळू होतं आणि त्यावर जगातली कुठलीही ब्राह्मी चालत नाही. सगळं ठीक असेल आणि मानसोपचारतज्ज्ञांना सांगून झालं असेल, तर मुळाचं चूर्ण तीन ग्रॅम संध्याकाळी दुधातून, ही माझी पद्धत. संध्याकाळी एवढ्यासाठी की थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते आणि तिच्यामागोमाग दूध गेलं तर ती नीट लागू पडत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचं, आणि तीन महिने झाले की थांबायचं, कारण त्यापुढच्या वापरावरच्या चाचण्या फारशा नाहीत. लघवी गडद पिवळी झाली, अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे वाटले तर त्याच दिवशी बंद. एका वेळी एकच गोष्ट सुरू करायची. तिन्ही एकदम दिली आणि बरं वाटलं तर कशाने हे कळत नाही, त्रास झाला तर कशाने हेही कळत नाही.

मधल्या काळात हात बांधून बसा असं मी म्हणत नाही. घरात जायफळ आहे ना? सहाणेवर दुधात दोन वेढे उगाळून कोमट दुधात, झोपण्याआधी. दोनच वेढे. आमच्याकडे जायफळाच्या बागा आहेत, म्हणून लोकांना ते फार ओळखीचं वाटतं आणि एखादा अख्खं जायफळ किसून घालतो. चमचा-दोन चमचे पूड पोटात गेली की भ्रम होतो, उलट्या होतात, काळीज धडधडतं. वेखंड मात्र पोटात नको, पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलं तरी. आपल्याकडच्या वेखंडात असारोन नावाचं द्रव्य भरपूर असतं, उंदरांत त्याने गाठी झाल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये ते अन्नातून बाद केलं.

चरकांनी औषधाचे तीन प्रकार केले, त्यातला तिसरा सत्त्वावजय. मन अहिताच्या विषयांकडे जातं, तिथून त्याला आवरणं. पोथीत हे एका ओळीत आहे, प्रत्यक्षात त्याला माणूस लागतं. आईंना भजनाला जा असं सांगून त्या जाणार नाहीत. मंडळातली एखादी बाई त्यांना न्यायला दारात आली तर जातील. मावशींना औषधं सुचवण्याऐवजी हे काम द्या. त्यांना काहीतरी करायचंच आहे, त्यांचा जीव तुटतोय म्हणून त्यांनी यादी पाठवली. दुसरं काम, काशाची वाटी. रात्री तळपायाला थोडं तूप लावून काशाच्या वाटीने दहा-दहा मिनिटं घासायचं. तूप काळं पडतं ते उष्णता बाहेर आली म्हणून, असं लोक मानतात. ते काळं काशाचं असतं, त्यात काही नाही. पण झोप लागते. आठ महिने ज्या पायांना कुणी हात लावलेला नाही त्यांना रोज वीस मिनिटं कुणाचा तरी हात लागतो, हे मला तुपापेक्षा मोठं कारण वाटतं. मावशी जवळ राहत असतील तर त्याच करू देत. नंतर पाय पुसून मगच उठायचं, नाहीतर पुन्हा तीच फरशी.

एक प्रश्न मात्र तुम्हीच आईंना विचारायचा आहे, फोनवर नाही, समोर बसून: 'आपण राहिलोच नसतो तर बरं, असं मनात येतं का?' विचारल्याने तसं मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल, किंवा त्या उत्तर टाळतील, तर घरातल्या गोळ्यांची डबी तुमच्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री वेळ आली तर टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही बोलता येतं.

तुम्ही लिहिलंय की पुढच्या आठवड्यात बार्शीला जाताय. जाताना मावशींनी आणून ठेवलेल्या बाटल्यांचे, पुढच्या आणि मागच्या दोन्ही लेबलांचे फोटो काढा, थायरॉइडची शेवटची तपासणी कधी झाली तो कागद शोधा, आणि हे सगळं घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. बाटल्या फेकू नका, मावशींना वाईट वाटेल. कपाटात ठेवा.